बियाविना दाणा

नवीन माणसाची ओळख झाली की गाव कुठलं, पाहुणे कोण, हे विचारायची आपल्याकडची रीत. मगदूम विचारायचे, "गार झालेला चहा आपोआप परत गरम झालेला कधी बघितलाय काय, पावणं?" समोरचा गोंधळून नाही म्हणायचा. मगदूम समाधानानं मान हलवायचे, "न्हाय ना? कुणीच बघितला न्हाय," आणि लगेच कपाळाला आठ्या घालून पुढचा प्रश्न टाकायचे, "मग तुम्ही कसं झालासा?"

मलाही त्यांनी पहिल्याच दिवशी हे विचारलं. साठचं दशक संपत आलं होतं. मी नुकताच बी.एस्सी. होऊन कोल्हापूरबाहेरच्या एका सहकारी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट म्हणून चिकटलो होतो आणि बसगोंडा मगदूम तिथे पॅनमन होते. प्रश्नाचा रोख माझ्या आईवडिलांकडे आहे असं वाटून मी उसळलो. मगदूम गडबडले. "अवो, तुम्ही म्हंजे तुम्ही न्हवं. आपण सगळी. गाय, बाभळ, बेडूक. सगळं जर गार हुतंय, विस्कटतंय, तर पहिला जीव उभा ऱ्हायला कसा? आपोआप?" उत्तराची वाट न बघता ते जिना चढून गेले. पुढे पंधराएक वर्षं त्यांनी मला हा प्रश्न एवढ्या वेळा विचारला, की माझ्या बायकोलाही तो पाठ झाला.

पॅन म्हणजे आटवलेला उसाचा रस ज्यात शेवटचा उकळतो ते दोन मजली उंचीचं बंद भांडं. आतला रस कुठवर आला, दाणा धरला की नाही, हे ओळखणारा तो पॅनमन. मगदूम नळीतून चमचाभर पाक काढायचे, काचेच्या पट्टीवर पसरून उजेडाकडे धरायचे, मग अंगठा आणि बोटात घेऊन तार बघायचे. उजव्या अंगठ्याचं कातडं भाजून भाजून जाड झालेलं. अंगानं काटकुळे, उंच. कपाळावर बायकोच्या, गंगाक्कावहिनींच्या, धाकानं ओढलेली विभूतीची पट्टी असायची, ती दहा वाजेपर्यंत घामात जायची. एका जागी थांबणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. जेवताना ते उठायचे, बोलताना चालायचे, आणि कुणाच्या घरी गेले तर खुर्चीवरून उठून भिंतीवरची कॅलेंडरं सरळ करायचे. फक्त पॅनसमोर ते खिळल्यासारखे उभे राहायचे.

त्याला कारण होतं. पाकात दाणा धरावा म्हणून नवीन पॅनमन दळलेली साखर आत सोडत. मगदूम तिला बी म्हणत, आणि बी टाकणं त्यांना कमीपणाचं वाटे. त्यांची पद्धत जुनी, वाट बघायची. पाक आटवत न्यायचा, अजून थोडा, अजून थोडा, आणि अशी एक वेळ येते की निव्वळ पातळ पाकात आपोआप दाणा उभा राहतो. तो क्षण चुकला की दाणा हवा तेवढा न येता धो धो येतो आणि सगळी पॅन वाया. मगदूमांची कधी गेली नाही. दाणा दिसला की ते काचेची पट्टी माझ्या नाकासमोर नाचवायचे. "बघा! कोण टाकलं? कुणी न्हाय. आला आपला!"

विस्कटण्याचं हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते वाफेच्या कोष्टकांमुळे. टर्बाइनच्या इंजिनिअरकडे कोष्टकांचं एक मळकं पुस्तक होतं. अमुक दाबाला वाफेचं तापमान किती, उष्णता किती, असे त्यात रकाने. शेवटचा रकाना एन्ट्रॉपीचा. मगदूमांनी इंजिनिअरला विचारलं, हे काय असतंय? इंजिनिअर म्हणाला, "ते वापरायचं असतंय, विचारायचं नसतंय." झालं. घरच्या अडचणीनं इंटर सायन्सला कॉलेज सोडलेला हा माणूस सुट्टीच्या दिवशी सायकल मारत शहरातल्या कॉलेजांमध्ये प्राध्यापक गाठत हिंडू लागला. कुणी पळवून लावलं, कुणी चहा पाजला. एका भल्या माणसानं दोन तास फळ्यावर समजावलं. परत आले ते तापानं फणफणल्यासारखे. "मीठ आणि तिखट मिसळायला किती येळ लागतो? परत येगळं करून दाखवा. न्हाय जमत. कारण मिसळायच्या तऱ्हा लाख, आणि येगळं ऱ्हायची एकच. त्या विस्कटण्याचं माप म्हंजे तो रकाना!" वहिनी आतून म्हणाल्या, "माझ्या मसाल्याच्या डब्यात हात घातलासा तर बघा."

गंगाक्कावहिनी म्हणजे सीमेपलीकडच्या गावातल्या. चिडल्या की कानडीतून चिडायच्या. मगदूमांच्या प्रश्नाला त्यांचं उत्तर केव्हाच तयार होतं: देवानं केलं. मगदूम म्हणत, "देवानं केलं असंल, पण कसं केलं?" त्यावर वहिनी भाकरी थापायच्या. एकदा आमच्या लॅबमधल्या एकाच्या मुलाचं बारसं होतं. मगदूम पाळण्यावर वाकले, बराच वेळ बाळाकडे बघत राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "किती ऊन खाल्लंय ह्यानं!" बायका हसायच्या थांबल्या. बाळाच्या आजीनं दृष्ट काढायला मीठमोहऱ्या आणल्या. वहिनींनी नवऱ्याला दंडाला धरून बाहेर नेलं, तर ते जाता जाता मला समजावत होते की ऊन गवतात, गवत म्हशीत, म्हैस दुधात आणि दूध ह्याच्यात.

मी त्यांची चेष्टा करायचो. खरं सांगायचं तर मला त्यांचा हेवाही वाटायचा. मी पदवीधर होतो, पण मला कुठलाच प्रश्न असा चावला नव्हता.

मग कोल्हापूरच्या राजारामपुरीत एक व्याख्यान झालं. बाहेरगावचे एक वयस्क, विद्वान गृहस्थ 'विज्ञान आणि ईश्वर' या विषयावर बोलणार होते. मगदूमांनी मला ओढून नेलं. व्याख्याते गोड बोलत. म्हणाले, जगात सगळं आपोआप विस्कटत जातं हा विज्ञानाचाच नियम आहे. मग एवढी नेटकी सजीव सृष्टी आपोआप होणं या नियमालाच धरून नाही. अर्थात कुणीतरी रचली. टाळ्या पडायच्या आत मगदूम उभे.

"पावणं, सूर्य इसरलासा."

लोक मागे वळून बघू लागले. मी पायाकडे बघू लागलो.

"तुमचा नियम बंद खोलीचा हाय," मगदूम म्हणाले. "आमच्या पॅनमंदी पातळ रसातनं चौकोनी दाणा उभा ऱ्हातो. रसापरीस दाणा किती नीट मांडलेला! म्हणून नियम मोडला काय? न्हाय. दाणा धरताना उष्णता भाईर टाकतो. आत नीटनेटकं, भाईर पसारा. तसंच पृथ्वीला ऊन मिळतंय आणि ती उष्णता आभाळात टाकतीया. आपल्या खोलीचं दार सताड उघडं हाय की!"

टाळ्या मगदूमांना पडल्या. व्याख्याते मात्र कच्चे नव्हते. हसून म्हणाले, "मान्य. नियम आड येत नाही. पण आड येत नाही म्हणजे घडलं, असं होतं का? माझ्या दारावरून रस्ता हातकणंगल्याला जातो, म्हणून मी हातकणंगल्याला पोचलो असं होत नाही. आणि तुमच्या पॅनमध्ये तरी दाण्याला बी घालावं लागतंच ना?"

"न्हाय लागत!" मगदूम ओरडले. "बियाविना दाणा येतो. मी दाखवतो. लिहून दाखवतो."

सभागृहाबाहेर आल्यावर ते सायकल हातात धरून चालत राहिले. "हातकणंगल्याचं बरोबर बोलला त्यो," पूल ओलांडताना म्हणाले. "रस्ता हाय एवढंच मी सांगितलं. माणूस चालतोय हे दाखवाय पायजे."

त्या दिवसापासून पुस्तक सुरू झालं. कितीतरी हंगाम ते चाललं. कारखान्याच्या जुन्या तक्त्यांच्या पाठीवर मगदूम पेन्सिलीनं लिहीत आणि मी त्यांचं मराठी सरळ करी. पहिली प्रकरणं फार सुंदर होती, हे मी आजही म्हणेन. चहा, मसाल्याचा डबा, बॉयलर, ऊन. कारखान्यातल्या फिटरलाही कळेल असं. शेवटचं प्रकरण मात्र सगळ्या पुस्तकाचा कणा. त्याचं नाव 'बियाविना दाणा'. त्यात मगदूमांनी आपल्या क्वार्टरमध्ये ओळीनं मांडलेल्या बरण्यांची हकिगत होती. साखर पूर्ण विरघळवून, उकळून, गाळून केलेला दाट पाक, निवायला ठेवलेला, बियाचा कणही न घालता. प्रत्येक बरणीत दाणा आला होता. त्यावरून मगदूमांचा निष्कर्ष असा: पाकाच्या दाटपणासारखा नुसता रेटा पुरेसा असला की नेटकेपणा आपोआप उभा राहतो, बाहेरून बी लागत नाही, उन्हाच्या रेट्याखाली आदिकाळच्या पाण्यात जीवही असाच उभा राहिला असणार. साखरेचा दाणा एकदा झाला की बसून राहतो आणि जीव बसत नाही, ही त्यातली अडचण त्यांना माहीत होती. तिच्यावर त्यांनी चार पानं खर्ची घातली होती. पण बरण्यांबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. मलाही नव्हती.

शहरातल्या एका छापखान्यानं खिळे जुळवले. प्रकाशनाचा दिवस ठरला, पाहुणे ठरले, कारखान्याच्या फलकावर खडूनं सूचना लागली. शेवटच्या प्रकरणाची प्रुफं मी मगदूमांच्या पडवीत बसून मोठ्यानं वाचत होतो आणि मगदूम फेऱ्या घालत ऐकत होते. वहिनी दोरीवरचा त्यांचा कामाचा सदरा काढत होत्या. मी वाचलं, "ज्या बरणीत बियाचा एकही कण गेलेला नाही, त्या बरणीतही..."

"असं कसं?" वहिनी म्हणाल्या. "हा सदरा बघा. मुंग्या लागल्यात. रोज लागत्यात. तुम्ही ड्यूटीवरनं आलासा की घरात साखर उडती. केसात साखर, भिवईत साखर. आणि त्याच अंगानं बरण्यांवर वाकतासा. मग बी न्हाय कसं?"

मगदूम थांबले. मी प्रुफावरून मान वर केली. केमिस्ट मी! लॅबच्या टेबलावर रोज बोटानं रेघ ओढता येईल एवढी साखरेची धूळ बसते हे मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. पण माझ्याही सदऱ्याला तीच साखर होती, आणि पाण्यातल्या माशाला पाणी कुठलं दिसायला.

मगदूमांनी सदरा हातात घेतला, त्यावरची मुंग्यांची रांग खालपासून वरपर्यंत बघितली आणि तो पिशवीत कोंबून सायकल काढली.

रजा टाकून ते हातकणंगल्याजवळच्या आपल्या गावी, थोरल्या भावाच्या मळ्यात गेले. विहिरीवर डोक्यावरून अंघोळ केली, भावाचं धोतर नेसले आणि तिथल्या चुलीवर नव्यानं पाक करून सहा बरण्या झाकून ठेवल्या. तीन आठवडे पाक आरशासारखा नितळ. मग त्यांनी तीन बरण्यांची झाकणं काढून वर कारखान्यातला सदरा झटकला. दुसऱ्या दिवशी त्या तिन्हींत दाणा. उरलेल्या तीन तशाच नितळ.

हे त्यांनी मला लॅबच्या दारात उभं राहून सांगितलं. चेहरा उतरला होता आणि पाय मात्र सारखा हलत होता. प्रकाशनाला आठवडा उरला होता.

मी म्हणालो, "छापून टाका. तुमच्या बरण्या चुकल्या म्हणजे मूळ गोष्ट चुकीची ठरत नाही. रेटा कमी पडला असेल. आणि इथं कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय की," मगदूम म्हणाले.

"अहो, पण इतक्या वर्षांचं काम..."

"केमिस्टसाहेब, गोष्ट खरीबी असंल. पण मला म्हाईत हाय असं मी लिवलंय. आणि मला म्हाईत न्हाय."

मी त्यांच्यावर रागावलो. इतकी वर्षं मीही त्यात घातली होती, आणि सूचना फलकावर माझंही नाव होतं. ते थेट छापखान्यात गेले आणि शेवटचं प्रकरण काढायला लावलं. त्याच्या जागी पाच ओळी दिल्या: सगळं विस्कटत असतानाही जीव उभा राहायला मनाई नाही, एवढं मला कळलं, तो उभा कसा राहिला, ते कळलं नाही, बियाविना दाणा येतो का बघायला मी साखरेच्या पाकाच्या बरण्या मांडल्या, पण माझ्याच सदऱ्यावरची साखर पडून त्यांत मीच बी टाकत होतो. खाली सही. कंपोझिटर म्हणाला, फर्म्यात आठ पानं मोकळी राहतात, जाहिराती घेऊ? मगदूम म्हणाले, "मोकळीच ठेवा. वाचणाऱ्याला लागतील."

प्रकाशनाच्या पाहुण्यांनी व्यासपीठावरच पुस्तक मागून उघडलं. कोरी पानं दिसली. पुढून चाळलं, परत मागे गेले आणि माइकवर म्हणाले, "मगदूमांनी शेवट आमच्यावरच सोडलाय!" हशा पिकला. भिंतीला टेकून उभे असलेले मगदूमही हसले, जरा उशिरा. पुढे हंगामभर कारखान्यात त्यांना 'कोरे मगदूम' म्हणत. त्यांना ते लागलं, हे मला माहीत होतं. मी त्यांची बाजू घ्यायला हवी होती. मी लॅबची दुसरी पाळी मागून घेतली आणि त्यांना टाळू लागलो. मला त्यांची लाज वाटत होती, की त्यांच्यासमोर माझी, याचा छडा मी लावला नाही.

ते निवृत्त होऊन गावी गेले. अधूनमधून पोस्टकार्ड यायचं, त्यात प्रश्न असायचे. मी तिसऱ्या कार्डाला एकदा उत्तर द्यायचो.

ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. एका उन्हाळ्यात सकाळी मगदूम आणि वहिनी माझ्या दारात. मगदूमांच्या हातात त्यांचंच पुस्तक, वहिनींच्या हातात कापडी पिशवी. आत आल्याआल्या मगदूमांनी पुस्तकाची शेवटची पानं माझ्यापुढे धरली. आठही पानं निळ्या शाईनं, बारीक अक्षरात भरलेली. गडहिंग्लजच्या एका शाळेत शिकवणाऱ्या बाईंनी ती लिहून आपली प्रत मगदूमांना पाठवली होती. वाचनालयात पुस्तक वाचून त्यांनी मगदूमांच्या बरण्या आपल्या स्वयंपाकघरात पुन्हा मांडल्या होत्या. घरात आधी महिनाभर साखर आणली नव्हती. पाक बरण्यांतच उकळून, गरम असतानाच झाकणं मेणानं बंद केली होती. दहा बरण्यांपैकी नऊ नितळ होत्या. दहाव्या बरणीत चौथ्या महिन्यात दाणा दिसत होता, आणि झाकण अजून उघडलेलं नव्हतं.

"म्हणजे तुमचं खरं होतं!" मी म्हणालो.

"गप बसा," मगदूम म्हणाले. "झाकणाच्या आट्यात जुनी साखर असंल. मेण कुठलं हुतं? आत न विरघळलेला खडा राहिला असंल. दहात एकच का? ते झाकण काढून बघाय पायजे. चला."

"कुठं?"

"गडहिंग्लजला. आत्ता. तुम्ही पायजे."

"मी कशाला? तुम्ही आहात की."

ते माझ्याजवळ आले. "मला ते खरं निघायला पायजे हाय हो," हळू आवाजात म्हणाले. "लई पायजे हाय. म्हणून माझ्या डोळ्यावर माझा भरवसा न्हाय. तुम्ही बघा आणि सांगा."

वहिनींनी पिशवी उघडून दाखवली. आत धुतलेले कपडे. निवृत्त होऊन कित्येक वर्षं झाली, अंगावर साखर कुठली, तरी तिथं पोचल्यावर अंघोळ करून हेच घालणार होते. "खरं निघालं तर ह्यास्नी झोप लागायची न्हाय, भावजी," वहिनी म्हणाल्या, "आणि खोटं निघालं तरी लागायची न्हाय. मी आपली दोन दिवसांची भाकरी घेतलीया."

मला हसू आलं. पण बाहेर ऊन रणरणत होतं, एसटीचा दोन तासांचा प्रवास, अनोळखी बाईंचं घर, आणि शेवटी एका बरणीचं झाकण. माझ्या अंगावर काटा आला तो कंटाळ्याचा. नाही म्हणायची हिंमत नव्हती. मी म्हणालो, "तुम्ही व्हा पुढं. मी उद्याच्या गाडीनं येतो." आपण म्हणतो तसं. येणार नाही हे मला म्हणतानाच माहीत होतं. मगदूमांनी पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्यावर पत्ता लिहिला, तेवढा तुकडा फाडून माझ्या हातात दिला आणि लगेच निघाले.

महिन्याभरानं त्यांच्या भावाचं कार्ड आलं. मगदूम सकाळी मळ्यात चालता चालता पडले आणि गेले. मी भेटायला गावी गेलो. वहिनी सोप्यात बसल्या होत्या. मी विचारलं, "त्या बरणीचं काय निघालं?"

"निघतंय कशाचं? झाकण काढलंच न्हाय," वहिनी म्हणाल्या. "केमिस्ट आल्याबिगर हात लावायचा न्हाय, म्हणले. दुसऱ्या दिवशी सकाळधरनं स्टँडवर हुते. अंघोळ करून, ती धुतलेली कापडं घालून. कोल्हापूरची गाडी आली की दाराशी जायचे, शेवटचा माणूस उतरंस्तवर बघायचे. पाच गाड्या झाल्या. मी म्हटलं, न्हाईत येत ते, चला, आपणच बघू. तर माझ्यावरच डाफरले. 'येतो म्हणालेत न्हवं? मग येतील की.' तिसऱ्या दिवशीबी गेले. मग म्हणले, काय अडचण आली असंल, परत एकदा येऊ त्यास्नी घेऊन. बाईंनी बरणी तशीच ठेवलीया."

घरी अचानक पाहुणे आले, म्हणून जमलं नाही, असं मी वहिनींना सांगितलं. पाहुणे कुणी आले नव्हते.